ऊसतोड्या परका नव्हे!

(राहू, ता. दौंड, जि. पुणे येथे गिरणीकामगार व शेतकरी ह्यांच्या सभेत केलेले भाषण)



आजची ही सभा जरा निराळी आहे. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी लालबाग-परळला पाळ्या केलेल्या आहेत. कुणी साचेखात्यात होता, कुणी रिंगखात्यात. कुणाचा बाप होता, कुणाचा आजा होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. भोंगा थांबला. मग ट्रंक उचलली आणि माणूस गावाकडं आला. ज्याला जमिनीचा तुकडा होता त्यानं त्यात जीव ओतला. मुळा-मुठा आणि भीमा ह्या दोन नद्यांच्या मधला आपला हा पट्टा. इथं पाणी होतं, ऊस आला, गुऱ्हाळं पेटली, भोवती पाटस, पाटेठाण, यवत अशी साखरेची धुराडी उभी राहिली.

म्हणजे झालं काय? एकेकाळी जो दुसऱ्याच्या दारात कामासाठी उभा राहिला, त्याच्याच दारात आज दुसरा माणूस कामासाठी येऊन उभा राहिला आहे. त्या माणसाविषयी मला आज बोलायचं आहे. दिवाळीच्या सुमाराला तो येतो, ओढ्याच्या काठाला, पड जागेत कोप्या घालतो, चार-पाच महिने तुमचा ऊस तोडतो आणि उन्हं चढली की निघून जातो. त्याचं नाव तुम्हांला ठाऊक नसतं. आपण म्हणतो, "टोळी आली." माणसं आली असं आपण म्हणत नाही!

तुम्ही तरी कुठले?

मी आधी गिरणीकामगारांना विचारतो. अहो, मुंबईत तुम्ही तरी कुठले होता? १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू झाली आणि तेव्हापासून रत्नागिरीचा कोकणी, साताऱ्याचा, पुण्याचा, नगरचा घाटी, उत्तरेचा भय्या, मदनपुऱ्यातला मोमीन विणकर, कामाठीपुऱ्यातला तेलुगू पद्मशाली अशी सगळी पोटार्थी माणसं तिथं गोळा झाली. मुंबईतल्या शिकल्यासवरल्या लोकांनी तुम्हांला "घाटी" म्हणून हिणवलं. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस माणसं पाळीपाळीनं झोपत. एकाच वळकटीवर दिवसपाळीवाला रात्री आणि रातपाळीवाला दिवसा पडत असे. खाणावळवालीच्या भाकरीवर तुम्ही दिवस काढले. ती खाणावळवालीही तुमच्यासारखीच गावाहून आलेली होती.

आणि कामाला लावायचा कोण? शेटजी नव्हे. जॉबर! बायकांच्या खात्यात नायकीण! त्याच्या हातावर दस्तुरी ठेवल्याशिवाय बदलीचं कामसुद्धा मिळत नसे. त्याच्या ओळखीनं खोली, त्याच्या ओळखीनं कर्ज, त्याची मर्जी फिरली की दुसऱ्या दिवशी दाराबाहेर. माणूस गावातून आणायचा जॉबरनं, राबवून घ्यायचा मालकानं आणि त्याच्या जिवाची जबाबदारी घ्यायची मात्र कुणीच नाही, असा तो कारभार होता.

हे सारं मोडलं कुणी? आपोआप मोडलं नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या, तेव्हा कुठे १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पडली. आठवड्यातून एक दिवस माणसानं माणूस म्हणून राहावं, एवढ्या साध्या गोष्टीला सहा वर्षं लागली! पुढे १९२८ चा संप झाला, गिरणी कामगार युनियन उभी राहिली, प्रसूतीची रजा आली, प्रॉव्हिडंट फंड आला, हजेरीचं कार्ड आलं. जॉबरची मिजास एकेक पायरीनं खाली उतरली.

आता डोळे उघडून बघा. तुम्ही मुंबईत जो जॉबर गाडला, तो मुकादम होऊन तुमच्या उसाच्या फडात उभा आहे!

दोन शिरूर

आपल्या शेजारी शिरूर तालुका आहे, घोडनदीचं शिरूर. बीड जिल्ह्यातही एक शिरूर आहे, शिरूर कासार. नाव एक, भाषा एक, राज्य एक. पण ह्या शिरुरात ऊस आणि त्या शिरुरात कोयता! पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज हे बालाघाटच्या डोंगरातले तालुके. जमीन हलकी, मुरमाड. पाऊस आला तर बाजरी, नाही आला तर काहीच नाही. दसरा-दिवाळी झाली की गावंच्या गावं रिकामी होतात. घरी म्हातारी माणसं राहतात आणि त्यांच्या गळ्यात शाळेत जाणारी नातवंडं. बाकीची सगळी ट्रॅक्टरवर, ट्रकवर, टायरगाडीत बसून कारखान्यांकडं निघतात. पत्र्याची पेटी, जात्यावरून आणलेलं पीठ, शेळी, कोंबड्या, अंगावरचं लेकरू, सगळं त्यात. बीडबरोबर नगरच्या, जालन्याच्या, परभणीच्या, धाराशिवच्या, लातूरच्या भागातूनही माणसं निघतात. सारी मिळून दहा लाखांच्या पुढेच भरतात असा अंदाज धरला जातो. मुंबईच्या सगळ्या गिरण्या ऐन भरात होत्या तेव्हाच्या कामगारांच्या चौपट ही संख्या झाली!

ही माणसं हौसेनं येत नाहीत. १९५० साली प्रवरेला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढं पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ती चांगली गोष्ट झाली, शेतकऱ्याच्या हातात चार पैसे आले. पण त्या उसाला तोडणीवाला कुठून आला? जिथं धरणाचं पाणी पोचलं नाही तिथून आला. १९७२ च्या दुष्काळानं तर माणसांचे लोंढेच्या लोंढे बाहेर काढले. पाणी एका बाजूला गेलं, माणूस त्या पाण्याच्या मागे गेला. एवढी साधी ही गोष्ट आहे.

आणि आपण त्यांना काय शब्द दिला होता? मराठवाडा १९४८ साली निजामाच्या जुलमातून सुटला. १९५३ च्या नागपूर करारात लिहून झालं की मागासलेल्या विभागांकडं खास लक्ष पुरवू. मराठवाड्यातल्या माणसानं अटी घातल्या नाहीत, भाऊ म्हणून तो महाराष्ट्रात आला. मुंबईच्या रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले, आणि १ मे १९६० ला राज्य झालं. ते राज्य तुम्ही गिरणीकामगारांनी आणलं, ह्यात मला तिळमात्र शंका नाही. पण १९८४ साली दांडेकर समितीला बसून अनुशेष मोजावा लागला. राज्य मिळाल्याला चोवीस वर्षं झाली होती, आणि भाऊ-भाऊ म्हणवणाऱ्यांच्या ताटांतला फरक मोजायला समिती नेमावी लागली!

कोयत्याचा हिशेब

शहरातल्या माणसाला वाटतं, कोयता म्हणजे हत्यार. नाही! कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. मुकादम म्हणतो, "माझ्याकडं वीस कोयते आहेत," म्हणजे चाळीस माणसं. एकटा माणूस असला तर तो "अर्धा कोयता". आता मला सांगा, ज्या धंद्यात माणसाला हत्याराच्या नावानं मोजतात, त्या धंद्यात माणसाची किंमत काय असणार?

हंगामाआधी, पावसाळ्यातच, मुकादम घरी येतो आणि उचल देतो. घरात लग्न असतं, दवाखाना असतो, मागची बाकी असते. उचल घेतली की माणूस बांधला गेला. अलीकडं एका कोयत्याला लाखाची उचल ही मोठी नवलाची गोष्ट राहिलेली नाही. ती फिटते कशी, ते आपण बोटांवर मोजून बघू.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाचा दर साडेतीनशे रुपयांच्या पुढं गेला. हिशेबाला सोपं म्हणून आपण ३६५ धरू. नवराबायको पहाटे चारला उठून फडात शिरली, त्यानं बुडखा तोडला, तिनं पाचट काढून मोळी बांधली, डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून ट्रकात चढवल्या, तर दिवसाला दोन टन होतात. म्हणजे दोघांचे मिळून ७३० रुपये. एकाचे ३६५. चौदा-चौदा तास राबून! शंभर दिवस एकही खाडा न करता काम केलं तर ७३ हजार होतात. उचल होती एक लाखाची. म्हणजे शंभर दिवस मरमर मरून वर २७ हजार अंगावर बाकी! ती फिटायला आणखी सदतीस दिवस पाहिजेत. आणि २०२४-२५ चा हंगाम तर अनेक कारखान्यांनी शंभर दिवसांच्या आतच गुंडाळला. मग बाकी पुढल्या साली. पुढल्या सालची उचल त्या बाकीच्या डोक्यावर. असं हे जातं वर्षानुवर्षं फिरत राहतं आणि पीठ होतं ते माणसाचं.

ह्यात मी पोटाला लागणारं धरलेलं नाही. आजारपण धरलेलं नाही. उसाचं वाढं विकून जे चार पैसे येतात त्यावर रोजची भाजी-मिरची चालते. आणि एक दिवस पडून राहिलात तर खाडा! त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड बसतो. गिरणीत गैरहजेरीचा एक दिवस कापला तर तुम्ही गेटवर सभा घेत होता. इथं ताप आला म्हणून माणूस पैसे भरतो!

हा व्यवहार लेखी नसतो. असलाच तर कोऱ्या कागदावरचा अंगठा. हिशेबाची वही मुकादमाच्या पिशवीत. आणि पैसे नवऱ्याच्या हातावर. जिनं निम्मं काम केलं तिचं नाव वहीत नसतं.

सुप्याची आठवण

ह्या मातीला हा कागद नवा नाही. इथून फार लांब नाही ते सुपे, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं घेरली. त्यांनी मागितलं काय? त्यांनी मागितले कागद! खतं, रोखे, वह्या. ते कागद रस्त्यात टाकून जाळले. तो वणवा पुण्या-नगरच्या खेड्यापाड्यांतून पसरला. इंग्रज सरकारला चौकशी नेमावी लागली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला, त्यात शेतकऱ्याला कर्जाच्या तुरुंगातून थोडी मोकळीक मिळाली.

जाळपोळीचं कौतुक करायला मी इथं आलेलो नाही. मी एवढंच म्हणतो, ज्यांच्या खापरपणज्यांनी सावकाराच्या वहीचा जाच सोसला, त्यांनी मुकादमाची वही बघून डोळे मिटावेत हे शोभत नाही. कायदासुद्धा आपल्याच बाजूला आहे. १९७६ साली वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला. आगाऊ पैसे देऊन त्या पैशापोटी माणसाला कामाला जखडून ठेवणं, त्याला दुसरीकडं जाऊ न देणं, ही वेठबिगारी आहे असं तो कायदा सांगतो. बाकी फिटली नाही म्हणून टोळीतल्या बाईला किंवा पोराला मागे अडकवून ठेवणं हा गुन्हा आहे. उचलीला गोड नाव दिलं म्हणून वेठ काही मजुरी होत नाही!

कोपीतला संसार

आता आयाबहिणींनो, तुम्ही ऐका. कोपी म्हणजे काय? बांबूच्या चार कामट्या, वर ताडपत्री नाहीतर पाचट, आत वाकून शिरायचं. दिवा नाही. पाणी कुणाच्या मोटारीवरचं, त्यानं भरू दिलं तर. आडोसा नाही, न्हाणी नाही, संडास नाही. अंधार पडल्याशिवाय बाईला बाहेर जाता येत नाही, आणि अंधारात जावं तर उसात बिबट्या! जुन्नर, आंबेगाव, शिरूर, दौंड ह्या सगळ्या पट्ट्यात बिबट्या आता उसातच नांदतो. तो डोंगरातला पाहुणा राहिलेला नाही. आपल्या घराला भिंत आहे, दार आहे. कोपीला कसलं दार? तान्हं लेकरू फडाच्या कडेला झोळीत टाकून माय ऊस तोडत असते. तिचा एक डोळा कोयत्यावर आणि एक डोळा त्या झोळीवर.

बाई गरोदर असली तरी मोळी उचलते. बाळंत झाली तर आठ-दहा दिवसांत पुन्हा फडात. पाळीच्या दिवसांत दुखणं अंगावर काढायचं, कारण बसलं की खाडा. पुढं पुढं दुखणं वाढतं, मग कुणी डॉक्टर सांगतो, "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." कर्ज काढून पिशवी काढतात आणि ते कर्ज फेडायला पुन्हा उचल घेतात. हे मी रचून सांगत नाही. २०१९ साली सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजार ८०० हून अधिक बायकांची गर्भाची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींत एक! कित्येक जणी ऐन तिशी-पस्तिशीतल्या. साखरेच्या पोत्यावर वजन लिहितात, भाव लिहितात. हा हिशेब कुठल्या पोत्यावर लिहायचा?

आणि पोरं? शाळा जूनला सुरू होते, ऑक्टोबरात आईबाप निघतात, मार्च-एप्रिलला परत येतात तेव्हा परीक्षा तोंडावर असते. मधले पाच महिने पोरगं वाढं गोळा करतं आणि पोरगी धाकट्याला सांभाळते. थोरली झाली की "एकटीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची?" म्हणून लगीन. लगीन झालं की नवा कोयता तयार! शिकायच्या वयात मुलगी मुकादमाच्या वहीत अर्धा कोयता होऊन बसते.

निर्वासित कोणाला म्हणायचं?

१९४७ साली फाळणी झाली. सिंधमधून आपले भाऊ अंगावरच्या कपड्यांनिशी आले. त्यांच्यासाठी कल्याणच्या लष्करी छावणीत सोय झाली, तिथं पुढं उल्हासनगर वसलं. पुण्याजवळ पिंपरीला वसाहत झाली. हाल त्यांनीही सोसले, कमी नाही. पण सरकारनं त्यांना निर्वासित म्हटलं, त्यांची नोंद केली, शिधा दिला, कागद दिला. त्या कागदावर ते उभे राहिले.

आपल्याच ह्या तालुक्यात केडगाव आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि निराधार बायका आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या आणि केडगावला त्यांना आसरा दिला, काम शिकवलं. त्या मुली मराठी बोलणाऱ्या होत्या की नव्हत्या, हे बाईंनी आधी विचारलं नाही. उपाशी माणूस, एवढी ओळख पुरली.

मग दर साल दुष्काळानं आणि कर्जानं घराबाहेर काढलेला बालाघाटचा माणूस कोण? त्याला निर्वासित म्हणत नाहीत, कारण तो सरहद्द ओलांडून आला नाही. १९७९ साली स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला. प्रवासभत्ता, राहायची सोय, औषधपाणी, पासबुक, सगळं त्यात लिहिलेलं होतं. पण तो कायदा "आंतरराज्य" कामगाराचा! एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्याचा. बीडहून राहूला आलेला माणूस त्यात बसत नाही. पुढे २०२० मध्ये तो कायदा नव्या संहितेत घातला, तरी "आंतरराज्य" हा शब्द तसाच राहिला. बीडचा माणूस कर्नाटकातल्या कारखान्यावर गेला तर स्थलांतरित आणि आपल्या दौंडला आला तर कुणीच नाही! मराठी माणसाचं एक राज्य व्हावं म्हणून आपण लढलो, आणि त्या एका राज्यातच मराठी मजुराला कायदा ओळख देत नाही. ह्याला काय म्हणावं?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा हे उघडंनागडं दिसलं. लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या आवारात, फडात अडकले. हंगाम संपलेला, हातात काम नाही, गावात घेत नाहीत, रस्त्यावर पोलीस. एप्रिलच्या मध्यावर सरकारनं परत जायची परवानगी दिली तेव्हा कुठं ट्रॅक्टर हलले.

शेतकऱ्याची बाजू

इथं कुणी शेतकरी मनात म्हणत असेल, "हे सगळं खरं, पण आमचं काय? तोड वेळेवर येत नाही, आली तर टोळीला खुशाली द्या, ड्रायव्हरला एंट्री द्या. मुकादम लाखो रुपये उचलून गायब होतो, ट्रॅक्टरवाला देशोधडीला लागतो." मंडळी, हेही खरं आहे. मी ते नाकारत नाही. पण जरा खोलात जा. मजुराला पोटापुरता दर मिळत नाही म्हणून तो शेतकऱ्यापुढं हात पसरतो. कारखाना मजुराशी सरळ करार करत नाही म्हणून मध्ये मुकादम शिरतो आणि त्याला कमिशन मिळतं. लेखी नोंद नाही म्हणून फसवणाराला रान मोकळं. शेतकऱ्याची लूट आणि मजुराची लूट एकाच भोकातून होते. ते भोक बुजवायचं सोडून शेतकऱ्यानं मजुराला शिव्या द्यायच्या आणि मजुरानं शेतकऱ्याला, हा खेळ ज्याला परवडतो तो तिसराच आहे!

आणखी एक. आपल्या राहू बेटातल्या गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशाकडचे मजूर दिसतात. चुलवाणापुढं बसून चिपाडं लोटायची, काहिलीतला उकळता रस सांभाळायचा, भाजलं-पोळलं तर हळद लावायची. त्यांना बघून कुणी मराठीपणाचा टेंभा मिरवत असेल तर मी त्याला हात जोडून सांगतो, मराठी राज्य आपण मागितलं ते कारभार आपल्या भाषेत व्हावा म्हणून, गरिबाला हुसकावण्यासाठी नव्हे. गिरणीच्या संपात भय्या तुमच्याबरोबर उपाशी राहिला होता, हे विसरू नका. अण्णाभाऊ साठे १९३१ साली वाटेगावहून पायी मुंबईला आले, गिरणीत राबले. त्यांनी ह्या चळवळीसाठी रचलेली सर्वांत गाजलेली छक्कड एका घर सोडून आलेल्या मजुराचीच आहे. आपल्या चळवळीचा आवाज स्थलांतरित माणसाचा होता!

मागायचं काय आणि करायचं काय?

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. गोपीनाथ मुंड्यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं. २०२१ मध्ये ठरलं की गाळलेल्या उसाच्या टनामागं १० रुपये कारखान्यानं द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे. ४१ तालुक्यांत मुलामुलींची ८२ वसतिगृहं काढायचं ठरलं. ग्रामसेवकानं ओळखपत्र द्यायचं ठरलं. ठरलं खूप! ठरलेलं पदरात पाडून घेणं हे संघटनेचं काम, आणि ते कसं करतात हे गिरणीकामगाराला शिकवायला नको. म्हाडाच्या सोडती २०१२ पासून निघताहेत आणि अजून हजारो कामगार घराची वाट बघताहेत. सरकारी कागदाचा वेग तुम्हांला चांगला ठाऊक आहे.

म्हणून मागण्या अशा:

एक. दर कोयत्यात दोन नावं. नवऱ्याची मजुरी नवऱ्याच्या खात्यात, बायकोची बायकोच्या खात्यात.

दोन. उचलीची लेखी पावती, हिशेबाची वही मजुराच्या हातात आणि खाड्याचा दंड बंद.

तीन. आठवड्याची एक सुट्टी. लोखंड्यांनी १८९० साली मिळवली ती ऊसतोड्याला अजून का नाही?

चार. स्थलांतरिताच्या कायद्यातला "आंतरराज्य" हा अडसर काढा. जिल्हा ओलांडून आलेला मजूरही स्थलांतरितच.

पाच. टनाच्या दहा रुपयांचा हिशेब दर वर्षी जाहीर करा. आणि हे रुपये कारखान्याच्या उसावरचे आहेत. गुऱ्हाळाच्या मजुरासाठीही तशीच सोय करा.

ह्या झाल्या सरकारकडं आणि कारखानदारांकडं. आता तुमच्याकडं. ह्याला मुंबईला मोर्चा न्यावा लागत नाही, चौकात बसून ठरवता येतं. ग्रामपंचायतीनं ठराव करावा: गावाच्या हद्दीत जिथं तळ पडेल तिथं पाण्याची टाकी, दिवा आणि बायकांसाठी संडास. आलेल्या प्रत्येक कुटुंबाची नोंद. रेशनकार्ड आता गाव सोडलं तरी चालतं, तर दुकानदारानं त्यांना धान्य नाकारू नये. अंगणवाडीताईंनी तळावरची गरोदर बाई आणि तान्ही पोरं आपल्या यादीत घ्यावीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं वर्षाच्या मध्यावरही शाळेत नाव घालता येतं. मास्तरांनी तळावर जाऊन पोरं आणावीत. आणि ज्याच्या शेतात टोळी उतरेल त्यानं मोटार चालू करून त्यांना दोन हंडे पाणी भरू द्यावं. ह्याला कायदा नको, शरम पाहिजे.

म्हातारे गिरणीकामगार, तुमच्यावर खास काम आहे. संध्याकाळी काठी टेकत तळावर जा. त्यांच्यापाशी बसा. हजेरीचं कार्ड म्हणजे काय, युनियनची पावती कशासाठी फाडायची, मुकादमाला हिशेब कसा विचारायचा, हे तुम्ही सांगा. हे शिकवायला तुमच्याइतका लायक माणूस दुसरा नाही. तुमच्या गिरण्या गेल्या, त्या जागेवर टॉवर उभे राहिले. पण संघटना करायची विद्या काही त्या जमिनीबरोबर विकली गेलेली नाही! ती तुमच्यापाशी आहे. ती बरोबर घेऊन वर जाऊ नका, ह्या पोरांच्या हातात देऊन जा.

बंधूंनो, राज्य आपण मिळवलं. त्याचा नकाशा पुरा झाला असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं पहाटे चार वाजता उसाच्या फडाकडं जावं. तिथं थंडीत कुडकुडत जी माय मोळी बांधत असते ती अस्सल मराठी बोलते. तिनं तुम्हांला विचारलं, "दादा, हे राज्य माझं बी हाय का?" तर उत्तर देता आलं पाहिजे. आज देता येत नाही. पुढल्या दिवाळीला टोळी येईल तेव्हा तरी देता यावं, एवढंच काम ह्या सभेनं अंगावर घ्यावं.

ऊसतोड्या परका नव्हे! मजुरांची एकजूट झिंदाबाद! जय महाराष्ट्र!